वाईच्या वाड्यांतील भजन

या खेपेस वाईला आम्ही घाटासाठीं गेलों नव्हतों. कृष्णाकांठचा आमच्या आजोळचा वाडा दिवाळीनंतर पाडला जाणार. तत्पूर्वीं चौकांतील एकादशीचें भजन संगणकावर मुद्रित करावें, हा बेत.

चार मायक्रोफोन मांडले, प्रत्येकाची पट्टी निराळी. पहिल्याच अभंगांत मृदंग पोकळ वाजला! ध्वनीला एक मीटर जाण्यास सुमारें ३ मिलिसेकंद लागतात. दूरच्या मायक्रोफोनांत तीच थाप उशिरां पोंचून मूळ नादाशीं भांडते. मग मायक्रोफोन वाद्यांजवळ नेले, आणि वाद्यापासून जेवढें अंतर, त्याच्या तिप्पट अंतर त्यांच्या आपसांत ठेविलें. टाळ मात्र सगळीकडे शिरत. मामी म्हणाल्या, "शिरूं द्या, वाड्याला संवय आहे."

पांचवा मायक्रोफोन उंबऱ्यावर, केवळ चौकाच्या घुमाऱ्यासाठीं. त्यांत रहाटाची कुरकुरही आली आहे.