पाठमोरा किनारा

जुलैच्या मध्यात बागमांडल्याच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढणाऱ्यांत पर्यटक म्हणावं असं कोणी नव्हतं. खताच्या गोण्यांनी भरलेला एक टेम्पो, मोटरसायकलवर रेनकोट पांघरून बसलेली जोडपी, तालुक्याच्या कामाला निघालेली माणसं. खाली सावित्री तांबड्या मातीने जड झालेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच नदीच्या पुरात महाडजवळचा जुना दगडी पूल कोसळला. एसटीच्या गाड्यांसकट वाहून गेलेल्या माणसांपैकी काहींचे मृतदेह हरिहरेश्वर, आंजर्ल्याच्या किनाऱ्यांपर्यंत गेले. त्या पाण्यावरून जाताना बोटीतली माणसं आजही नदीकडे टक लावून बघतात.

या किनाऱ्यावरच्या गावांना मी मुद्दाम पावसात जाते. दिवाळीपासून मेपर्यंत किनाऱ्यावरचं गाव समुद्राकडे तोंड करून असतं. मासळी तिकडून येते, पाहुणेही तिकडेच बघत बसतात. पाऊस लागला की तेच गाव समुद्राकडे पाठ फिरवतं आणि शेत, आगर, खाडी, ओटी यांच्याकडे वळतं. गाव कशावर उभं आहे ते या दिवसांत दिसतं.

पलीकडच्या काठावर वेसवीला उतरलं की बाणकोट जवळच. सावित्रीच्या मुखावरचा हिंमतगड लहानसा आहे, पण अठराव्या शतकात, तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशवे आणि इंग्रज एकत्र आले त्या व्यवहारात, तो इंग्रजांच्या हाती गेला आणि फोर्ट व्हिक्टोरिया झाला. तटावर शेवाळ इतकं की पाय जपून टाकावा लागतो. समुद्र दिसत नव्हता, फक्त पावसाचा पडदा आणि त्यामागची गाज.

वेळासला मार्चमध्ये आलात तर पहाटेच किनाऱ्यावर गर्दी असते. ऑलिव्ह रिडले कासवांची इवलीशी पिल्लं पाण्याकडे जाताना बघायला लोक पुण्या-मुंबईहून येतात. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि गावकरी यांनी मिळून ही घरटी राखली. जुलैत तिथे कासव नाही आणि वाळूही अर्धीच उरलेली. लाटा सुरूच्या मुळांपर्यंत आल्या होत्या. पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात आणि पाणी निवलं की हळूहळू परत आणून टाकतात. हिवाळ्यात मादी अंडी घालायला येते तेव्हा खणते ती ही परत आलेली वाळू.

"आता काय बघायला आलात ताई? कासवं तर नाहीत," मी उतरले त्या घरच्या काकूंनी विचारलं. तुमची लावणी बघायला आले, म्हटलं, तर त्यांना खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी त्यांच्यामागून चिखलात उतरले तेव्हा वाटलं असावं. दुपारी उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी आणि टाकळ्याच्या भाजीत फणसाच्या आठळ्या. मेमध्ये खाल्लेल्या फणसाच्या आठळ्या त्यांनी पावसासाठी राखून ठेवल्या होत्या. सीझनमध्ये पाहुण्यांना हे ताट मिळत नाही, कारण पाहुणे मोदक आणि मासे मागतात.

तिथून एसट्या बदलत आंजर्ल्याला. कड्यावरच्या गणपतीला जाणाऱ्या पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं, देवळात पुजारी आणि मी. पण मला इथे आगरं बघायची होती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आलं आणि दापोली तालुक्याच्या या पट्ट्यात माड, पोफळी, आंबा, कोकम आडवे झाले. भाताचं एक पीक गेलं तर पुढच्या वर्षी घेता येतं. पोफळ लावली तर फळायला सहा-सात वर्षं जातात, आणि तोवर घर चालवायचं कशावर? वाडीचा मालक मला रांगांमधून हिंडवत होता. वादळानंतर लावलेली रोपं आता त्याच्या डोक्यावर गेली होती. काहींना पहिले घोस धरले होते आणि पावसाची उघडीप मिळाली की त्यांच्यावर बोर्डो मिश्रण मारायचं होतं, नाहीतर कोळेरोगाने कच्ची सुपारी गळून जाते. बोलता बोलता तो सारखा आभाळाकडे बघत होता. वादळाच्या बातम्या चार दिवस येतात. त्यानंतरची ही वर्षं मोजायला कोणीतरी यायला हवं असं मला फार वाटलं.

आंजर्ल्याहून हर्णैकडे निघालं की जोग नदीच्या खाडीत नौकाच नौका दिसतात. हर्णैचं बंदर पावसाळी वाऱ्याला उघडं पडतं, म्हणून बोटी या खाडीत आसऱ्याला येतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, कारण हा माशांच्या विणीचा काळ. पण बंदीच्या कायद्याहून ही रीत कितीतरी जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही दर्या खवळायच्या आधी आरमार सुरक्षित बंदरात नेऊन छावणीला ठेवावं असं बजावलेलं आहे. हर्णैसमोरचा आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग पडला तोही पावसाच्या अगोदर, एप्रिल १७५५ मध्ये. तो घेणारा इंग्रज कमोडोर विल्यम जेम्स पुढे वारला, तेव्हा त्याच्या बायकोने लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ मनोरा बांधला. सेवर्नड्रूग कॅसल नावाचा तो मनोरा अजून उभा आहे. हर्णैच्या किनाऱ्यावरून सुवर्णदुर्ग धुक्यात काळसर दिसत होता. तिथे नेणारी होडी या दिवसांत मिळत नाही आणि मिळाली तरी जाऊ नये. ज्या वाळूवर एरवी संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो आणि बैलगाड्या पाण्यात उतरतात, तिथे लाटा फुटत होत्या.

माणसं होती ती शेजारच्या पाजपंढरी गावात, पडव्यांमधून. जाळी पसरून फाटलेले डोळे भरत बसलेली, इंजिनाचे सुटे भाग डिझेलने धूत असलेली. नेपाळी खलाशी गावी गेलेले, त्यांना कधी बोलवायचं याची चर्चा चाललेली. एका पडवीत बाप-लेकांचा वाद चालला होता. मुलाचं म्हणणं, एक तारखेलाच बोट काढायची, दोन महिने बँकेचा हप्ता काही थांबलेला नाही, आणि पहिल्या मासळीला भाव असतो. वडील जाळ्यातून सुई काढत म्हणाले, "सरकार एक तारखेला सोडेल रे, दर्या सोडतोय का? नारळ वाहिल्याशिवाय मी बोट काढू देणार नाही."

"बाजूवाल्यांच्या सगळ्या बोटी गेल्या तर, बाबा?"

त्यावर म्हातारे नाखवा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं विषय संपला. मुलाने फोन काढून बर्फाच्या कारखान्यात किती लाद्या सांगू म्हणून विचारलं. नाखवांनी जाळ्यावरची नजर न काढता आकडा सांगितला आणि तारीख मात्र नारळी पौर्णिमेनंतरची द्यायला लावली.