टाटाला नेलं

आमच्या पाटण तालुक्यात एखाद्याविषयी ‘त्याला टाटाला नेलंय’ असं म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. टाटा म्हणजे मुंबईचं कॅन्सरचं हॉस्पिटल; आजाराचं नाव घ्यावं लागत नाही. ऐकणारा हातातलं काम थांबवतो आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघत राहतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही मे २०२२ मध्ये आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला नेताना मी आणि माझ्या धाकट्या भावानं कराड स्टेशनच्या बाकड्यावर बसून ठरवलं, की कॅन्सरचा शब्द त्यांच्या कानावर पडू द्यायचा नाही.

आप्पा मिस्त्री होते. कराड-चिपळूण रस्त्यालगत त्यांचं ट्रकचं गॅरेज. खाली कोकणात जाणाऱ्या गाड्या कुंभार्ली घाट उतरण्याआधी त्यांच्याकडं थांबायच्या. गाडी वळून आत येतानाच तिच्या आवाजावरून ते सांगायचे, की नोझल गेलाय का टायमिंग हललंय. गळ्यात तुळशीची माळ होती. आयुष्यात विडी-सिगरेट ओढली नाही, तंबाखूची चिमूट तोंडात टाकली नाही. म्हणून २०२१ च्या दिवाळीत खोकला सुरू झाला, तेव्हा आम्ही तो डिझेलच्या धुराचा आणि थंडीचा धरला.

डिसेंबरात छातीचा फोटो काढला. उजव्या बाजूला डाग दिसला. गावाजवळच्या एका खासगी डॉक्टरांनी टीबी म्हणून गोळ्या चालू केल्या. थुंकी एकदा तपासली, त्यात जंतू सापडले नाहीत. ‘कधी कधी सापडत नाहीत’ असं सांगण्यात आलं आणि आम्ही मान डोलावली. आपल्याकडं टीबी इतका आहे की डॉक्टरांच्या मनात तो आधी येणार, यात त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण औषधानं वजन वाढायला हवं होतं, ते घटत होतं. खोकला कमी व्हायला हवा होता, तो रात्रीचा झोपू देत नव्हता. पाच महिने आम्ही गोळ्या मोजून देत राहिलो. लघवी तांबडी होते म्हणजे औषध लागू पडतंय, असं आई शेजारणीला सांगायची. ती तांबडी होते ती गोळीच्या रंगानं, हे मला नंतर कळलं. मी शिक्षिका आहे. मुलांना ‘उत्तर कसं काढलंस ते दाखव’ असं रोज म्हणते. डॉक्टरांना मात्र ‘टीबीच आहे हे कशावरून’ असा साधा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी असा खोकला असेल, टीबीचं औषध जंतू न सापडताच चालू असेल आणि दीड-दोन महिन्यांत माणसाला उतार पडत नसेल, तर कृपा करून तो प्रश्न विचारा. थुंकीची जंतूंसाठीची मशीनवरची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. त्यातही काही निघालं नाही, तर सीटी स्कॅन करून घ्या.

एप्रिलच्या शेवटी आप्पांना गॅरेजपासून घरापर्यंतचं चारशे पावलांचं अंतर चालवेना. कराडला नेलं तर उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी भरलेलं. पाठीत सुई घालून सव्वा लिटर काढलं. बाटली कॉटखाली ठेवली होती. आत कुंकू मिसळल्यासारखं पाणी. आप्पा वाकून बाटलीकडं बराच वेळ बघत होते. खोललेल्या इंजिनचं ऑइल ते बोटांवर घेऊन असंच बघायचे. बोलले काही नाहीत. त्या पाण्याच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी निघाल्या. रिपोर्ट मी जिन्यात उभी राहून वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि वर जाऊन आप्पांना म्हणाले, ‘पाण्यात जरा इन्फेक्शन आहे.’

खोटं बोलायला त्या दिवशी सुरुवात केली, ते तीन आठवडे बोलत राहिले.

मुंबईत आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलो. तिथं येणारी बहुतेक माणसं टाटाचीच. कुणाच्या गळ्याला पट्टी, कुणाच्या नाकातून नळी, कुणाच्या कडेवर केस गेलेलं लेकरू. सकाळी सगळे आपापली फाइल काखेत मारून परळच्या वाटेला लागायचे. आप्पांना मी सांगितलं होतं, की हे छातीच्या आजाराचं मोठं हॉस्पिटल आहे. आप्पा सातवी शिकलेले. रोज वर्तमानपत्र वाचणारे. फाइल मी पिशवीत उलटी धरायची. बाह्यरुग्ण विभागात नंबर पुकारला की त्यांना बाकावर बसवून आधी मी एकटीच आत पळायची आणि डॉक्टरांना हात जोडायची, ‘त्यांना काही माहीत नाही, त्यांच्यासमोर बोलू नका.’ एक तरुण डॉक्टरीण होती. गर्दीतही तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘मी आपण होऊन सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही.’ मला तेव्हा तिचा राग आला होता.

गावाकडून फोन यायचे. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच : ‘आप्पा विडी ओढायचे का?’ नाही म्हटलं की पलीकडं क्षणभर शांतता. जणू आम्ही काहीतरी लपवतोय. ओढत असते, तर माणसांना बरं वाटलं असतं, असं मला वाटायचं. कारण मग आजाराला कारण मिळालं असतं आणि आपण ओढत नाही म्हणून आपण सुटलो, असं म्हणता आलं असतं. मी रात्री मोबाइलवर वाचत बसायची. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ साली कर्करोगाचं कारण म्हणून नोंदवलंय, हे असंच वाचलं. त्या धुरानंच आप्पांना हे झालं, असं कुणी ठामपणे सांगू शकत नाही. पण ज्या धुरानं आमच्या फिया भरल्या, माझं डी.एड. झालं, त्या धुराविषयी हे वाचून मी मोबाइल बंद केला आणि पुन्हा त्या विषयावर काही वाचलं नाही.

बायोप्सी झाली. पेट स्कॅन झाला. त्यात शिरेतून दिलेल्या औषधात थोडा किरणोत्सर्ग असतो, म्हणून त्या दिवशी लहान मुलांपासून लांब राहायला सांगतात. त्या संध्याकाळी भावाची चार वर्षांची पोर पुण्याहून आलेली. ती ‘आजोबा’ म्हणून धावली आणि आप्पा दोन्ही हात पुढं करून ‘लांब, लांब’ म्हणत मागं सरकले.

त्याच रात्री, धर्मशाळेत सगळे आडवे झाल्यावर, आप्पांनी मला हाक मारली.

‘पोरी, बसं जरा. एक गोष्ट सांगतो. मागं एक ड्रायव्हर आलावता. म्हणाला, मिस्त्री, नुसता हॉर्न बघा, वाजत न्हाई. मी हॉर्न बघितला. गाडी चालू केली तर हवंचं प्रेशर चढंना. ब्रेकची हवा गळत हुती. आवाज येत हुता, सूऽऽ करून. म्हटलं, बाबा, तुला हे ठावं न्हवतं? तर खाली बघायला लागला. मालक गाडी उभी करील, खेप जाईल, म्हणून बोलला न्हाई. घाट उतरायचा हुता त्याला. भरलेल्या गाडीनं.’

मी गप्प.

‘मला टाटाला आणलंय. टाटाला कशासाठी आणत्यात, ते मला कळत न्हाई व्हय? बाटली बघितली तवाच कळलं मला. तू सांगशील म्हणून वाट बघतोय. घाट मला उतरायचाय. ब्रेकचं मला सांगायचं न्हाई, तर कुणाला सांगायचं?’

मी पर्समधून कराडचा रिपोर्ट काढला. घड्या पडून पडून तो मधोमध फाटायला आला होता. पॅसेजमधल्या दिव्याखाली एकेक ओळ मराठीत सांगितली. चौथी अवस्था म्हणजे काय, तेही सांगितलं. पूर्ण बरं होणार नाही, औषधानं दाबून ठेवता येतं, हेही. आप्पांनी दोनच गोष्टी विचारल्या. ‘किती दिस?’ आणि ‘तुझ्या आईला ठावं हाय का?’ पहिल्याचं उत्तर मला येत नव्हतं. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असं होतं. आईलाही आम्ही सांगितलं नव्हतं. आप्पा म्हणाले, ‘तिला मी सांगतो.’ आणि त्यांनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर ते स्वतः बसले आणि मी मागं उभी राहिले.

जनुकाचा रिपोर्ट यायला आणखी दोन आठवडे लागले. त्यात ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडला. न ओढणाऱ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये तो जास्त आढळतो आणि त्यावर नेमकी गोळी आहे : जेफिटिनिब, २५० मिलीग्रॅम, रोज एक. डॉक्टरांनी गोळीच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी केमोचं सलाइनही सुचवलं. ही पद्धत टाटामध्येच ३५० रुग्णांवर तपासून पाहिलेली आहे. नुसत्या गोळीवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, दोन्ही मिळून दिल्यावर १६ महिने. त्रासही दोन्हींचा जास्त. आप्पांनी आकडे ऐकले. ‘आठाचं सोळा व्हत असतील तर करू या,’ म्हणाले. बराचसा खर्च केशरी रेशनकार्डावर जनआरोग्य योजनेतून भागला.

गावी परतल्यावर आप्पांनी गॅरेजचं जॉब रजिस्टर काढलं. लाल पाठीचं, लांबडं, कडेला ग्रीसची बोटं उमटलेलं. त्यात तारीख, गाडी नंबर, फॉल्ट, काम, सही असे रकाने हातानं आखलेले. एक पान उलटून त्यांनी नवी नोंद केली. गाडी नंबरच्या जागी स्वतःचं नाव. फॉल्टच्या रकान्यात ‘फुपुस, उजवं’. कामाच्या रकान्यात ‘गोळी’. आणि सही. रोज सकाळी गोळी घेतली की एक ओळ. तोंडावर पुरळ उठलं, ते लिहिलं. जुलाब किती वेळा, ते लिहिलं. नखांच्या कडा सुजून पाना धरता येईना, तेही. टाटाला गेल्यावर डॉक्टरीण फाइलच्या आधी ते रजिस्टर मागायची.

पंधरा-वीस दिवसांत खोकला थांबला. दोन महिन्यांत आप्पा पुन्हा गॅरेजला जायला लागले. बरे झाले म्हणून नव्हे, हे त्यांना माहीत होतं. आणि माहीत असल्यानंच त्या महिन्यांचं काही करता आलं. घराच्या उताऱ्यावर आईचं नाव लावून घेतलं. उधारीची वही काढून ज्यांच्याकडून पैसे येणार नव्हते, त्यांची नावं एका रेघेत काट मारून बंद केली. पंढरपूरला जाऊन आले. हाताखालच्या पोराला आठ वर्षं फक्त सामान उचलायला लावलेलं, त्याला डिझेल पंपाचं टायमिंग लावायला शिकवलं. त्याचा कान तयार होईना तेव्हा तासन्‌तास चालू इंजिनजवळ त्याला उभं केलं आणि स्वतः स्टुलावर तोंडाला रुमाल लावून बसले. आईला बँकेत नेऊन स्लिप भरायला शिकवली. आम्ही घेतलेली गप्प राहण्याची शपथ त्या रात्री मोडली नसती, तर यातलं एकही काम झालं नसतं. पाच महिने चुकीच्या औषधानं नेले, ते परत आणणं कुणाच्या हातात नव्हतं. पुढचे तीन आठवडे मात्र आम्ही, पोटच्या पोरांनी, मायेपोटी घेतले होते. ते त्यांचे होते.

डिसेंबर २०२३ मध्ये १४-१५ चा पाना डाव्या हातातून दोनदा निसटला. तिसऱ्यांदा निसटला तेव्हा आप्पांनी तो उचलला नाही, रजिस्टर मागितलं. आजार मेंदूत गेला होता. रेडिएशनचा शेक घेतला. पुढची गोळी होती, पण तिच्यासाठी लागणारा जनुकातला बदल तपासणीत निघाला नाही. वेगळ्या केमोचा पर्याय डॉक्टरांनी समोर ठेवला. भाऊ म्हणाला, करू या. मीही म्हणाले. आप्पांनी डॉक्टरांना विचारलं, ‘त्यानं किती फरक पडंल?’ उत्तर प्रामाणिक मिळालं. ते म्हणाले, ‘मग घरी जातो.’ आम्ही भावंडं दादर स्टेशनच्या पुलावर त्यांच्याशी भांडलो. ते ऐकून घेत राहिले आणि गाडी लागल्यावर चढून बसले.

शेवटचे दोन महिने घरी गेले. दम लागायचा तेव्हा थोडं मॉर्फिन द्यायला शिकवलं होतं. ते म्हणजे शेवट, असं आम्ही समजत होतो. त्यानं फक्त श्वास सैल व्हायचा आणि आप्पांना जेवताना बोलता यायचं. मी बिनपगारी रजा घेतली होती. रात्री त्यांच्या पाठीला उशा लावून मी शेजारी बसायची. रस्त्यावरनं गाडी गेली की डोळे मिटलेल्या आप्पांच्या ओठांची हालचाल व्हायची. मी कान जवळ नेला तर म्हणायचे, ‘नोझल.’

रजिस्टरात त्यांच्या हातची शेवटची ओळ ११ फेब्रुवारी २०२४ ची आहे. अक्षर रकान्याबाहेर गेलंय, पण सही आहे. त्यापुढच्या बावीस ओळी माझ्या हातच्या. त्यानंतरचं एक पान कोरं सोडलंय. पुढच्या पानापासून हाताखालचा तो पोरगा गॅरेजचे जॉब लिहितो.