बाबांचा फ्लॅश

कोथरूडच्या घरी माळा आवरताना बाबांचा रोलच्या जमान्यातला फ्लॅश सापडला. डिजिटल कॅमेऱ्यावर लगेच चढवावासा वाटला, पण हात आवरला. जुन्या फ्लॅशच्या ट्रिगरवर कधीकधी 200 व्होल्टच्याही वर दाब असतो. अनेक नव्या कॅमेऱ्यांना तो सोसत नाही. फ्लॅश पुरता चार्ज करून तळाच्या मधल्या पिनेवर मल्टिमीटर टेकवला. जेमतेम 5 व्होल्ट! जीव भांड्यात पडला.

हा फ्लॅश कॅमेऱ्याशी बोलत नाही. हिशोब आपणच करायचा. फ्लॅशची ताकद सांगणारा गाइड नंबर 32, माणूस 4 मीटरवर, 32 भागिले 4, म्हणजे अ‍ॅपर्चर एफ/8. बाबा हे लग्नमांडवात तोंडी करायचे. आयएसओ 100, शटर 1/125 ठेवून आईचा फोटो काढला. सुरेख आला. घरातला जुना फ्लॅश भंगारात देऊ नका. फक्त व्होल्टेज मोजल्याशिवाय कॅमेऱ्यावर लावू नका.