एका दिव्याची खोली

रत्नागिरीत पोर्ट्रेटसाठी जागा शोधत होते तेव्हा भाड्याच्याही आधी मी छताची उंची विचारायचे. घरमालक चमकून बघायचे. पण दिवा माणसाच्या डोळ्यांच्या वर आणि किंचित खाली झुकलेला हवा, त्यावर सॉफ्टबॉक्स चढवायचा. त्यामुळे 8 फुटी स्लॅबखाली उभ्या माणसाचा फोटो काढायला दिवा पुरेसा वर जातच नाही. शेवटी एका जुन्या चिरेबंदी घरातली पुढची खोली मिळाली. 10 बाय 14 ची, उंच छताची, उत्तरेला मोठी खिडकी असलेली.

त्या खिडकीवरच भागेल, असं अनेकांनी सुचवलं. विजेच्या आधीचे स्टुडिओ उत्तरेच्या काचेवर चालत, कारण तिकडून थेट ऊन येत नाही. हा हिशेब थंड देशांतला. रत्नागिरी साधारण 17 अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत इथे भरदुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ ऊन तिरपं आत येतं. म्हणजे ऐन लग्नसराईत खिडकी भरवशाची नाही. पुढे जूनमध्ये एक मोठी सर आली की भरदिवसा खोलीत संध्याकाळ होते. मी खिडकीला जाड पडदा लावला आणि 300 वॉट-सेकंदाचा एक फ्लॅश, स्टँड, ट्रिगर आणि 3 फुटी सॉफ्टबॉक्स घेतला.

मांडणी सुरू करताना पहिला फोटो मी फ्लॅश बंद ठेवूनच काढते. आयएसओ 100, एफ 8, शटर 1/160. हा फोटो काळाकुट्ट आला पाहिजे. आला, तर ट्यूबलाइटचा हिरवट उजेड किंवा पडद्याच्या फटीतलं ऊन चित्रात येत नाही याची खात्री पटते. मग दिवा कॅमेऱ्याच्या एका बाजूला सुमारे 45 अंशांवर आणि डोळ्यांच्या वर न्यायचा. नाकाची सावली गालाच्या सावलीला टेकली की दुसऱ्या डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्या, रेम्ब्रांच्या नावाने तो ओळखला जातो.

त्रिकोण जमला, पण सावलीतला गाल लालसर दिसत होता. व्हाइट बॅलन्स बदलला, तर उजेडातला गाल निळा पडला. तो आकडा सगळ्या चित्राला एकदम लागू होतो, एका गालाला वेगळा लावता येत नाही. लाली येत होती समोरच्या भिंतीवरून. घरमालकांनी हौसेने एक भिंत गिलावा न करता जांभ्याची तशीच ठेवली होती. फ्लॅशचा उजेड तिच्यावर आपटून चेहऱ्यावर परत येत होता. एवढ्याशा खोलीत भिंती, जमीन, छत हे सगळे दिवेच असतात, फक्त त्यांना बटण नसतं. भिंत रंगवायला परवानगी नव्हती, म्हणून तिच्यापुढे थर्माकोलची पांढरी शीट उभी केली. लाली गेली, सावली मऊ झाली आणि दुसऱ्या दिव्याचा खर्च वाचला. रापलेला, सुरकुत्यांचा चेहरा असेल तर शीटच्या जागी काळं कापड टांगते. सावली गडद होते आणि चेहऱ्याला धार येते.

मागचा पडदाही मी एकच ठेवला, पांढरा. दिवा चेहऱ्यापासून 3 फुटांवर आणि पडदा दिव्यापासून 6 फुटांवर असेल, तर पडद्यावर चेहऱ्याच्या साधारण चौथा हिस्सा उजेड पोचतो. कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट घटतो. पांढरा पडदा मग करडा दिसतो. पोर्ट्रेटला तो छान वाटतो. बोटीवर जाणाऱ्या मुलांना कागदपत्रांसाठी पांढरी पाठ लागते. तेव्हा खुर्ची पडद्याजवळ घेते आणि दिवा मागे ओढते. चेहरा आणि पडदा यांच्या अंतरातला फरक कमी झाला की पडदाही उजळतो.

एक आजी नातीबरोबर आल्या होत्या. जाड भिंगाचा चष्मा, जरीकाठाचं नऊवारी. दोन्ही भिंगांत सॉफ्टबॉक्स चकाकत होता. मी दिवा वर चढवत होते, बाजूला सरकवत होते आणि मधूनमधून म्हणत होते, “आजी, हनुवटी जरा खाली.” शेवटी त्या म्हणाल्या, “गो बाय, फोटो काढतेस की डोळे तपासतेस?” नात हसली, आजीही हसल्या, तोच फोटो त्यांनी निवडला. चष्मा काढायला मी सांगत नाही. रोज चष्मा लावणारा माणूस चष्म्याशिवाय घरच्यांना अनोळखी वाटतो.

पावसाळ्यात लाइट जातात. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर स्टुडिओ फ्लॅश चालवणं धोक्याचं, म्हणून बॅटरीवरचा एक छोटा फ्लॅश जवळ असतो. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत राहतात, नाहीतर बुरशी धरते. खाऱ्या हवेत स्टँडचे स्क्रू गंजतात, त्यांना तेल द्यावं लागतं.

केसांच्या कडेवर उजेड टाकायला दुसरा दिवा पुढे घेतला, पण बहुतेक पोर्ट्रेट अजूनही एकाच दिव्यावर होतात. स्टुडिओ काढू पाहणारी मुलं कुठला सेट घ्यावा हे विचारायला येतात. मी त्यांना खुर्चीवर कुणाला तरी बसवून, एकच दिवा जागोजागी हलवून फोटो काढायला सांगते आणि नाकाची सावली कुठे पडली, पाठ किती करडी झाली, गालावर कोणता रंग आला हे बोलून दाखवायला लावते. ते जमलं की दुसऱ्या दिव्याची किंमत विचारावी.