मोत्याची परीक्षा

आमच्या उस्मानपुऱ्यांत चार-सहा घरचीं कुत्रीं आपापल्या धन्यांसह दर रविवारीं सकाळीं संत एकनाथ रंगमंदिरापाशीं जमतात व सारीं मिळून फेरफटका करतात. "आजोबा, मोत्यालाहि न्यावयाचें ना?" असें नातवानें विचारलें, तेव्हां आम्हीं निःशंकपणें होकार दिला. चार जणांत वावरल्यानें शिस्त लागते, हा तर आमचा पस्तीस वर्षांचा शिक्षकी सिद्धांत!

पहिल्याच रविवारीं तो डळमळला. इतर कुत्रीं दिसतांच मोत्या ताठरला; मग जांभया देऊं लागला, ओठ चाटूं लागला, मान फिरवून उगाच जमीन हुंगूं लागला. आम्हांस वाटलें, स्वारी कंटाळली असावी. इतक्यांत एक दांडगा कुत्रा थेट त्याच्या नाकाशीं आला आणि मोत्या त्याच्या अंगावर धावला. दोऱ्या गुंतल्या, नातू पडला, त्याचा गुडघा फुटला. आम्हीं मोत्यास दोन रट्टे दिले.

घरीं जखम पुसतां पुसतां सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, तो केव्हांपासून नको नको म्हणत होता. आपण ऐकलें नाहीं."

हे बोल मनाला लागले. मग आम्हीं जनावरांच्या डॉक्टरांस विचारलें, थोडें वाचनहि केलें. जांभई, ओठ चाटणें, मान वळविणें हीं पुष्कळदां अस्वस्थतेचीं लक्षणें असतात. स्कॉट व फुलर या अमेरिकन संशोधकांनीं १९६५ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, पिल्लाच्या आयुष्यांतील सुमारें तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ इतरांशीं जुळवून घेण्यास फार महत्त्वाचा असतो. मोत्या आमच्याकडे आला तो पांच महिन्यांचा होऊन. तोंवर तो एका बंद अंगणांत एकटाच वाढला होता. शिवाय दोरी बांधली म्हणजे कुत्र्यास दूर सरतां येत नाहीं. आणि पळण्याची वाट बंद झाली कीं भित्राहि दांत दाखवितो.

डॉक्टरांनीं परीक्षेची रीत सांगितली. रेबीजची लस टोचलेली असावी, हें तर पहिलें. मग एका शांत कुत्र्यास रस्त्याच्या पलीकडून त्याच दिशेनें चालवावें. समोरासमोर आणूं नये. मोत्याचें अंग सैल आहे, हांक ऐकतो, हातची पोळी खातो, तोंवर अंतर थोडथोडें कमी करावें. आवडती पोळीहि नाकारूं लागला, तर मागें सरावें.

असे तीन आठवडे गेले. शेजारच्या एका वृद्ध कुत्रीबरोबर मोत्या आतां दोन हातांवरून सुखानें चालतो. तिसरें कुत्रें आलें कीं मात्र पोळी भुईवर पडते. आम्हीं निकाल दिला: मोत्यानें मेळ्यांत जावयाचें नाहीं. नातू रडला. "म्हणजे आपला मोत्या नापास?" असें त्यानें विचारलें.

त्या शब्दासरशी आम्हांस एक जुना विद्यार्थी आठवला. आमच्यापाशीं एकटा बसला कीं तो शब्दांचीं रूपें बिनचूक म्हणे. वर्गापुढें उभा राहिला कीं त्याची वाचा बसे. धीट व्हावा म्हणून आम्हीं त्यास रोज सर्वांपुढें उभा केला. एके दिवशीं तो आला नाहीं, व पुढें कधींच आला नाहीं. 'हट्टी' हा त्याच्यावरचा शेरा आमच्याच हातचा.

महाप्रस्थानिक पर्वांत पांडवांच्या मागून चालणारा कुत्रा आम्हीं कितीदां तरी शिकविला. तो कोणी ओढून नेलेला नव्हता, आपल्या मर्जीनें चालला होता, हें मुलांस सांगावयाचें मात्र राहून गेलें.

नातवास आम्हीं एवढेंच सांगितलें, "नापास नव्हे रे, त्याचा वर्ग दोघांचा आहे." आतां रविवारीं आम्ही उलट्या दिशेनें निघतों: नातू, मोत्या, ती वृद्ध कुत्री आणि आम्ही. मोत्यानें मान वळविली कीं आम्हीहि वळतों.