छत्तीस गेजची तार

मांडवा, शुक्रवार

ती. बाबांस,


गेटवेवरून सकाळची बोट धरली, तासाभरात मांडव्याला उतरले. अलिबागची बस सुटायला वेळ आहे म्हणून चहा घेत लिहितेय. फोनवर तुम्हाला दुकानाच्या गोंगाटात काही ऐकू येत नाही आणि आईला सांगितलेलं तुमच्यापर्यंत अर्धंच पोचतं, म्हणून ही कागदाची भानगड.

गणपतीत काकांनी विचारलं होतं, "एरोस्पेसमध्ये एम.टेक. म्हणजे विमान चालवणार का गं?" मी हसून वेळ मारून नेली. विमान चालवणारे वेगळे. आमच्या पवईच्या आयआयटीत एरोडायनॅमिक्स, प्रपल्शन, स्ट्रक्चर्स आणि डायनॅमिक्स अँड कंट्रोल अशा वाटा आहेत. मी शेवटची धरली. पहिलं वर्ष गणितातच गेलं. महिन्याला 12,400 रुपये विद्यावेतन, त्याच्या बदल्यात बी.टेक.च्या पोरांचे पेपर तपासायचे. दुसऱ्या वर्षी प्रकल्प. लहान उपग्रहाचं तोंड हवं तिकडे वळवणं हा माझा विषय. आणि वळवायचं कशाने, तर तांब्याच्या कॉइलने! घरातून निघून मी पुन्हा तुमच्याच कॉइल गुंडाळायच्या धंद्यात आलेय.

बस लागली.

अलिबाग, शनिवार

आज चुंबकीय वेधशाळा पाहिली. सरांनी परवानगीचं पत्र दिलं होतं. समुद्रात कुलाबा किल्ला आणि अलीकडे, किनाऱ्यालगत, ही वेधशाळा. पर्यटक घोडागाडीतून तिच्यावरून जातात, कुणी वळून पाहत नाही.

ही इथे आली ट्रामच्या भीतीने. मुंबईच्या कुलाब्यात 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी चालल्या होत्या. सप्टेंबर 1859 च्या सौरवादळाची नोंद तिथलीच, जगभर अजून तिचा दाखला देतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. तेवढी वीज शेजारून धावली की नाजूक उपकरणं खोटं बोलणार. म्हणून संचालक मूस यांनी 1904 साली हे ठाणं उभं केलं. दोन वर्षं दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, जुनं-नवं जुळवलं, मग मुंबईतलं काम थांबवलं. ट्राम 1907 मध्ये धावली. इतक्या शिस्तीने केलेली बदली मी दुसरी पाहिलेली नाही.

इमारतीला पोरबंदरी दगड वापरला, लोखंड टाळलं. मीही किल्ल्या, मोबाइल, केसांतल्या पिना बाहेर ठेवल्या. आत एक थिओडोलाइट, लोखंडाचा कणही नसलेला, वर चुंबकत्व टिपणारा सेन्सर बसवलेला. माणूस डोळा लावतो, कोन वाचतो, यंत्र फिरवतो, पुन्हा वाचतो. सगळं आपोआप होत असेल अशी माझी समजूत होती. पण आपोआप चालणारी यंत्रंही याच हाताच्या मोजमापावरून तपासतात.

मला याचं काय? पृथ्वीच्या चुंबकत्वाचा जागतिक नकाशा दर पाच वर्षांनी नव्याने काढतात, आणि तो अशा वेधशाळांच्या व उपग्रहांच्या नोंदींवर उभा असतो. तोच नकाशा आमच्या उपग्रहाच्या संगणकात बसवायचा. कॉइलमधून वीज सोडली की कॉइल पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी जुळायला बघते, आणि तिच्यासकट उपग्रह वळतो. किती जोराने? माझ्या कॉइलचा पीळ म्हणजे एक सेंटिमीटरच्या दांडीला टांगलेले तांदळाचे चार दाणे. बाबा, हसू नका; वर अडवायला काही नसतं, तेवढ्याने भागतं. आमच्याच विद्यार्थ्यांनी बनवलेला दहा किलोचा 'प्रथम' 26 सप्टेंबर 2016 ला श्रीहरिकोट्याहून गेला, त्यातही अशाच कॉइल होत्या.

चुंबकाचा लहरीपणा मात्र धरून चालावा लागतो. फेब्रुवारी 2022 मध्ये एका मध्यम चुंबकीय वादळाने वरची विरळ हवा तापून फुगली आणि नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे 49 पैकी 38 उपग्रह हातचे गेले.

राजपुरी, रविवार

जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून गेले. वारा नेमका समोरून. तांडेलने होडी सरळ नेलीच नाही. आधी तिरकी डावीकडे, मग शीड पालटून उजवीकडे, अशी वळणं घेत तटाला लावली. मी विचारलं तर म्हणाला, "वाऱ्याच्या तोंडात होडी जात नाय."

मी तिथेच वही काढली. आमच्या कॉइलची हीच अडचण आहे. चुंबकरेषा ज्या दिशेने जाते, तिच्याभोवती उपग्रह फिरवता येत नाही, कितीही वीज सोडा. पण उपग्रह पुढे जातो तशी रेषेची दिशा बदलते, आणि आत्ता न जमलेलं वळण फेरीत पुढे कधीतरी जमतं. सहा महिने मी हे समीकरणात घोळवत होते. सर रागावले की त्यांना राजपुरीला घेऊन येईन.

आता तुमच्याकडे काम. कॉइल मीच गुंडाळणार आहे. वजन आणि वीज ठरलेली असली तर जाड तार कमी टर्न किंवा बारीक तार जास्त टर्न, दोन्हींत ताकद जवळपास तीच येते, फरक व्होल्टेजचा. हे पुस्तकात वाचलं तेव्हा आठवलं, तुम्ही पंपाच्या मोटारीसाठी मला हे दहावीत सांगितलं होतं. मी लक्ष दिलं नव्हतं. वार्निशचं मात्र तुमचं चालणार नाही. निर्वातात ते वायू सोडतं, तो कॅमेऱ्याच्या काचेवर जाऊन बसतो.

तेव्हा छत्तीस गेजची एनॅमलची तार, अर्धा किलो, जुन्या मोटारीतली नको, नवं रीळच पाठवा. आणि गुंडाळताना ती तुटू नये म्हणून अंगठ्याने ताण कसा धरायचा, ते सविस्तर लिहून कळवा.

तुमची,
थोरली