वेदनेची विचारपूस

वेदनीय कर्माचे साता आणि असाता हे दोन भेद आपण पाठशाळेत शिकतो. असातेचा उदय झाला की ती समतेने भोगावी, हा संस्कार आपल्या घरांत खोल रुजला आहे. साधूंच्या बावीस परीषहांतही रोगाची गणना आहे. परंतु समता हा सोसणाऱ्याचा धर्म होय. त्याच्या उशाशी उभ्या असलेल्याचा धर्म वैयावृत्त्य, आणि शास्त्राने त्याला आभ्यंतर तपांत स्थान दिले आहे. रुग्णालयाच्या अपघात विभागात या दोन धर्मांची गल्लत होऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

गेल्या वैशाखात माझ्या थोरल्या काकांना पहाटे मूतखड्याची कळ आली. त्यांना शहरातील एका रुग्णालयात नेले. काका मोंढ्यातले जुने व्यापारी. सदरा घामाने भिजला होता, ओठांवर णमोकार मंत्र होता, आणि कोणी विचारले की उत्तर एकच : "ठीक आहे." शेजारच्या खाटेवरील तरुण मोठ्याने विव्हळत होता; त्याच्याकडे सारे धावले. काकांचे रक्त तपासले गेले, सोनोग्राफीची चिठ्ठी झाली. वेदनाशामक औषधाचा विषय मात्र तासभर निघाला नाही. मग पाळी बदलली आणि नव्या परिचारिकेने विचारले, "काका, शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे असह्य. तुमचे किती?" काकांनी क्षणभर हिशेब केला व म्हणाले, "नऊ." दहा मिनिटांत इंजेक्शन मिळाले. अर्ध्या तासाने ती पुन्हा आकडा विचारून गेली. तो तीनवर आला होता.

निघताना अभिप्रायाच्या कागदावर काकांनी 'पूर्ण समाधानी' येथे खूण केली. त्या तासाचा उल्लेखही केला नाही. वेदना पुरती शमली नसतानाही रुग्ण समाधान व्यक्त करतात, हे अनेक देशांतील पाहण्यांत दिसून आले आहे. कोणी आस्थेने विचारले, आपला शब्द खरा मानला, पुढे काय होणार ते सांगितले, की मन निवते. म्हणूनच त्या खुणेवर विसंबून चालत नाही. नुसता गल्ला पाहून नफा ठरत नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

विलंबाला गर्दी कारण असते. आपल्या घाटी रुग्णालयात मराठवाडाभरातून रुग्ण येतात. दुसरे कारण जुन्या समजुतीचे. पोटदुखीत वेदनाशामक दिले तर मूळ आजार झाकला जाईल, असे वैद्यकात दीर्घकाळ मानले जाई. पुढील अभ्यासांत ही भीती टिकली नाही. योग्य मात्रेने वेदना कमी केल्यास निदानाला सहसा बाधा येत नाही. तिसरे कारण आपल्या स्वभावात आहे. जो गप्प बसतो, त्याचे दुखणे मागे पडते. आणि आपल्याकडील वडीलधारी माणसे, विशेषतः स्त्रिया, गप्प बसण्यात तरबेज असतात.

वेदनेचे सतत चिंतन हा आर्तध्यानाचा एक प्रकार सांगितला आहे. रुग्णाची वेदना हलकी करणे म्हणजे त्याला त्या ध्यानातून बाहेर येण्यास साह्य करणे. म्हणून सोबत जाणाऱ्याने रुग्णाच्या "ठीक आहे"वर थांबू नये. दुखणे केव्हा सुरू झाले, शून्य ते दहांत किती आहे, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे स्वतःहून सांगावे. औषध दिल्यावर अर्ध्या तासाने आकडा पुन्हा विचारला जावा, अशी नम्र विनंती करावी.

आपले ट्रस्ट रुग्णालयांना रुग्णवाहिका देतात, चाकांच्या खुर्च्या देतात. चार दानांपैकी औषधदानाची ही परंपरा थोर आहे. यंदाच्या पर्युषणात तिच्यात एक लहानशी भर घालता येईल : शून्य ते दहाची वेदनापट्टी मराठी, हिंदी व उर्दूत छापून, रुग्णालयाच्या संमतीने अपघात विभागातील प्रत्येक खाटेजवळ लावावी. मग न बोलणाऱ्यालाही नुसते बोट ठेवून आपली वेदना सांगता येईल.